चूल वेगळी, समग्र एकच: पात्रता पर्चीसाठी कुटुंब वेगळं कसं दाखवायचं? (इंदूर)

रामबागची_शेजारीण:

नमस्कार. प्रश्न आमच्या शेजारच्या काकूंचा आहे. त्या इथे लिहिणार नाहीत म्हणून मी लिहितेय. शक्यतो इंदूर-उज्जैनकडच्या लोकांनी उत्तर द्या, कारण समग्र आयडीची (मध्य प्रदेश सरकारची कुटुंबनोंदणी) भानगड महाराष्ट्रात नाही.

काकू विधवा. लोकांच्या घरी पोळ्या करायला जातात. मुलगा २२ वर्षांचा, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. चालतो, बोलतो, हाक मारली की हसतो, पण शर्टाची बटणं आईलाच लावावी लागतात. उजव्या हाताची बोटंही आखडलेली आहेत. मायलेक जुन्या वाड्याच्या मागच्या खोलीत राहतात. पुढच्या भागात मोठे दीर. ते सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन आहे, प्राप्तिकराचं विवरणही भरतात. स्वयंपाक कित्येक वर्षांपासून वेगळा, पण समग्रमध्ये अख्खा वाडा एकाच परिवार आयडीखाली आहे. काकांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचंही नाव त्यात जिवंत!

कंट्रोलची, म्हणजे रेशनच्या धान्याची, पात्रता पर्ची मागायला गेल्यावर पहिलं उत्तर: "परिवारात करदाता आहे, पात्रता नाही." मग चौकशीला एक जण घरी आला. मीटर एक, दरवाजा एक, तर परिवार एक, असं त्यानं उभ्याउभ्या ठरवून टाकलं. मुलाकडे बघून म्हणाला, "ये तो चलता-फिरता है, विकलांग कहाँ है?" काकू त्यावर काहीच बोलल्या नाहीत. मी मात्र अजून धुमसतेय.

मुलाचं प्रमाणपत्र आहे, पण तो शाळेत असतानाचं, कागदी. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलेलं नाही.

आता मला विचारायचंय ते असं. एकाच घर क्रमांकावर दोन परिवार आयडी होतात का? जुनं प्रमाणपत्र चालेल का? आणि आधी काय करायचं, परिवार वेगळा की प्रमाणपत्र? जो तो दुसऱ्या खिडकीवर पाठवतो.

पुणे३०:

तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला घ्या आणि पिवळ्या कार्डासाठी अर्ज करा. सोपं आहे.

सराफ्यातला_भिया:

अहो पुणेकर, इकडे पिवळं-केशरी नसतं. इकडे समग्रवरून पर्ची निघते, पर्चीवर धान्य. ताईंनी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं की!

निवृत्त_बाबू:

ताई, आधी परिवार वेगळा करा. बाकी सगळं त्यावर उभं आहे. पर्चीवर किती माणसं, पात्रतेच्या कोणत्या श्रेणीत, हे सगळं समग्रच्या ८ अंकी परिवार आयडीवरून ठरतं. प्रत्येक माणसाचा ९ अंकी सदस्य आयडी वेगळा असतो, तो बदलत नाही. त्यामुळे काकू आणि मुलगा तेच आयडी घेऊन नव्या परिवारात जातील.

एका पत्त्यावर दोन परिवार होतात. भाडेकरूंच्या चाळीत एका घर क्रमांकावर किती परिवार असतात ते बघा की. विनंती पोर्टलवरून टाका किंवा झोन कार्यालयात द्या, मंजुरी नगर निगमकडूनच येते. त्याआधी दोघांची समग्र ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झालेली हवी, आणि आधार-समग्रमधलं नाव, जन्मतारीख जुळायला हवी. काकांचा मृत्यू दाखला लावून त्यांचं नाव त्याच वेळी कमी करा, नाहीतर पुढे काकू "विवाहित" दिसत राहतील आणि प्रत्येक ठिकाणी अडकतील.

चूल वेगळी असल्याचा सर्वांत चांगला पुरावा गॅसचा. काकूंच्या नावानं जोडणी आहे का? असेल तर पुस्तक आणि सिलेंडरच्या पावत्या जोडा. नसेल तर शपथपत्र, आणि मौका पंचनाम्याचा (घरी येऊन पाहणी करून लिहिलेल्या नोंदीचा) आग्रह धरा. पंचनाम्यावर शेजाऱ्यांच्या सह्या लागतात, तेव्हा तुम्हीच पंच व्हा. तोंडी "परिवार एकच" म्हणून निघून जाणं म्हणजे चौकशी नव्हे. नकार लेखी मागायचा, अर्जाची पावती घ्यायची. लेखी मागितलं की निम्म्या लोकांचा आवाज खाली येतो.

आणखी एक. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम १३ प्रमाणे शिधापत्रिकेसाठी घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्रीच कुटुंबप्रमुख असते. नव्या परिवारात काकूंनाच मुखिया करा.

देवासची_ताई:

माझा भाचा अशाच अवस्थेतला आहे, म्हणून प्रमाणपत्राचं सांगते. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लहानपणी काढलेलं असेल तर ५, १० आणि १८ व्या वर्षी नवं करावं लागतं. १८ व्या वर्षी मिळतं ते मात्र कायमचं. तुमच्या मुलाचं शाळेतलं आहे, म्हणजे आता नव्यानं तपासणी. एकदाच त्रास, मग सुटका.

तो "चलता-फिरता है" म्हणणारा माणूस हे ठरवूच शकत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यातले कितीतरी डोळ्यांनी दिसत नाहीत. टक्केवारी डॉक्टर ठरवतात. बौद्धिक दिव्यांगत्वात बुद्ध्यांकाबरोबर रोजचं किती स्वतः जमतं हेही मोजतात: जेवण, कपडे, पैसे ओळखणं, एकट्यानं बाहेर जाणं. तिथे प्रश्नांची उत्तरं आईच देते आणि आया नेमकं उलटं करतात. "हो, सगळं करतो हो माझा!" माझ्या बहिणीनंही तेच केलं होतं. काकूंना सांगा, बटणांचं सांगायचं, अंघोळीचं सांगायचं. तो तिथे कमी पडला असं त्यांना वाटू देऊ नका, पण खरं सांगू द्या. बोटांचंही वेगळं दाखवा, दोन्ही मिळून टक्केवारी धरतात.

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. ४० टक्के किंवा वर आलं की कायद्यातल्या सवलती सुरू. यूडीआयडी कार्डावर ४० ते ८० च्या आतल्यांना पिवळा पट्टा असतो, ८० आणि वर निळा.

कंट्रोलवाला:

वडिलांची दुकान आहे म्हणून मशीनचं सांगतो. मुलाची बोटं आखडलेली, म्हणजे पीओएसवर (दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर) अंगठा लागणार नाही. घाबरू नका. ई-केवायसी मोबाइलवर चेहऱ्यानं होते, "मेरा ई-केवायसी" ॲप आहे. आधी आधारमधला फोटो आणि बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. ५ आणि १५ व्या वर्षी ते करायचं असतं, बऱ्याच दिव्यांग मुलांचं राहून जातं. दर महिन्याचं धान्य तर घरातल्या कोणाही एकाच्या अंगठ्यावर मिळतं, काकू आल्या की झालं.

आणि एक स्पष्ट सांगतो, नुसतं दिव्यांगत्व दाखवून पर्ची निघत नाही. श्रेणी लागते. बीपीएल, घरकामगार, फेरीवाले, सामाजिक सुरक्षा पेन्शनवाले अशा श्रेण्या आहेत. काकू पोळ्यांची कामं करतात ना? घरकामगार म्हणून नोंद करा. मुलाच्या प्रमाणपत्रावर ६०० रुपये महिन्याच्या दिव्यांग सहाय्याचा अर्ज टाका, काकूंसाठी कल्याणी (विधवा) पेन्शनचा. एक श्रेणी अडली तर दुसरी चालेल.

रामबागची_शेजारीण:

सगळ्यांचे आभार. गॅस काकूंच्याच नावावर आहे, हे आधी कोणी विचारलंच नव्हतं!

पण आता खरी अडचण सांगते. मोठे काका सहीला तयार नाहीत. वाईट माणूस नाही, दवाखान्याला पैसे तेच देतात. पण त्यांना वाटतं, समग्र वेगळं झालं की उद्या वाड्यात हिस्सा मागतील. आणि काकूंना वाटतं, वेगळं मागितलं तर दवाखान्याचा आधार जाईल. दहा किलो धान्यासाठी घरात भिंत नको, म्हणाल्या.

निवृत्त_बाबू:

ही भीती घरोघरी आहे. समग्र हा मालकीचा कागद नाही. आयडी वेगळा झाला म्हणून हिस्सा मिळत नाही आणि एक राहिला म्हणून असलेला हक्क जातही नाही. वाडा वडिलोपार्जित असेल तर काय ते वारसा कायद्यानं ठरेल. शपथपत्रात एक वाक्य टाका: "सदर विभाजन केवळ शासकीय योजनांसाठी असून मिळकतीच्या हक्काशी त्याचा संबंध नाही." काकूंच्या हक्काला त्यानं धक्का लागत नाही, तरी सही करण्याआधी वकिलाला दाखवा. दिरांना वाचून दाखवा. माझ्या अनुभवात, कागदावर वाचलं की मोठी माणसं निवळतात.

आणि दहा किलो म्हणू नका. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, म्हणजे दोघांचे १०. पण अंत्योदयमध्ये (सर्वांत गरीब कुटुंबांच्या श्रेणीत) माणसं कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो. दिव्यांग किंवा विधवा कुटुंबप्रमुख, उत्पन्नाचा खात्रीचा मार्ग नाही, हे अंत्योदयच्या निकषांतच आहे. अंत्योदयची संख्या ठरलेली असते, जागा रिकामी झाली तरच नवं नाव लागतं. तरी अर्जात मागणी लिहून ठेवा. न मागितलेलं कोणी देत नाही.

सराफ्यातला_भिया:

अडलं तर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई (लोकांच्या तक्रारी ऐकणं) असते, नाहीतर १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार करताना "चौकशी करणाऱ्यानं पंचनामा केला नाही" एवढंच लिहा, रामायण लिहू नका.

रामबागची_शेजारीण:

ते वाक्य आज संध्याकाळी मोठ्या काकांना दाखवते. देवासच्या ताई, तपासणीला जाताना शाळेचे जुने कागद न्यायचे का? आणि आईबरोबर मी आत गेले तर चालतं का? काकू डॉक्टरांसमोर गप्पच होतात.

देवासची_ताई:

शाळेचे कागद, जुनं प्रमाणपत्र, सगळं न्या. आत जायचं आधी विचारा, आम्हाला तरी कोणी अडवलं नव्हतं. सकाळी लवकर जा, मुलाला खाऊ घालून. भूक लागली की आमचा भाचा प्रश्नांना उत्तरच देत नाही.