गाडीमागून नेता येईल अशी, कमी खर्चातली शिडाची नाव कोणती घ्यावी?

प्रश्न: माझी गाडी जास्तीत जास्त १,५०० किलो ओढू शकते. दोघांना रात्री आत झोपता येईल अशी जुनी नाव मी शोधत आहे. वर उचलता येणारी कील (नावेच्या तळाखालचे जड पाते) असलेली कॅटालिना २२ परवडेल असे दिसते. तिचे वजन सुमारे १,००० किलो आहे. ती घ्यावी का?

उत्तर १: ते वजन रिकाम्या नावेचे असते. त्यात ट्रेलर, इंजिन, इंधन, नांगर आणि सामान मिळवले, की तुमची मर्यादा सहज ओलांडली जाते. मॅकग्रेगर २६ सारख्या नावांमध्ये स्थैर्यासाठी पाण्याचा भार वापरतात आणि रस्त्यावर निघण्यापूर्वी तो सोडून देता येतो, म्हणून तोही पर्याय पाहावा.

उत्तर २: कोणतीही जुनी नाव घेण्यापूर्वी डेकवर (नावेच्या वरच्या पृष्ठभागावर) हलकेच ठोकून पाहा, खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर डेकच्या थरांमधले लाकूड बहुधा कुजलेले असते आणि ती दुरुस्ती नावेच्या किमतीपेक्षाही महाग पडू शकते. उचलत्या कीलची खीळ, तार आणि विंच (तार गुंडाळणारी चरखी) तपासा. ट्रेलरची बेअरिंग आणि टायरही पाहा, कारण खरेदीच्या उत्साहात तिकडे कोणाचेच लक्ष जात नाही (माझेही गेले नव्हते).

प्रश्नकर्ता: डोलकाठी एकट्याने उभारता येते का?

उत्तर २: येते, पण त्यासाठी आधाराचा दांडा आणि कप्पी हवी. विकणाऱ्याला ती तुमच्यासमोर उभारून दाखवायला सांगा.