शेतघरावरच्या हॅम रेडिओच्या अँपचा (अँप्लिफायरचा) सप्लाय पुण्यातून चालू-बंद करायचाय. वायफाय स्विच पुरेल का?

कोथरूडचा_हॅम:
मंडळी, फ्लॅटवर ४० मीटरच्या बँडला नुसती भुणभुण ऐकू येते, म्हणून सगळं स्टेशन भोरजवळच्या शेतघरावर हलवलंय. अँप एलडीमॉस ट्रान्झिस्टरचं, आउटपुट ४०० वॉट. त्याला मोबाइल टॉवरवरून उतरवलेला ४८ व्होल्टचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा सप्लाय) लावलाय. तो १६ अँपियरच्या वायफाय स्विचवर टाकला. गेल्या आठवड्यात मोबाइलवर 'ऑफ' दिसतंय आणि कॅमेऱ्यात रेक्टिफायरचा दिवा जळतोय! शेजारच्या पाटलांना फोन करून मेन स्विच पाडावा लागला. हिशेबाने लोड तीन-साडेतीन अँपियरच होतो. मग हे झालं कसं?

जुना_टेलिकॉमवाला:
वायफाय स्विचच्या आतल्या रिलेचे पॉइंट चिकटलेत. स्विच उघडून बघा, काळा ठिपका दिसेल.

चालू लोड तीन अँपियरच, पण सुरुवातीचा दणका वेगळा. रेक्टिफायरचे कपॅसिटर रिकामे असतात आणि २३० व्होल्टचं शिखर ३२५ पर्यंत जातं. सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा करंट आवरणारी सोय) नसेल किंवा नीट चालत नसेल, तर काही मिलिसेकंद पन्नासेक अँपियरसुद्धा ओढले जातात. नेमक्या त्याच क्षणी रिलेचे पॉइंट उडत असतात. स्विचवर छापलेले १६ अँपियर हीटर-गिझरसाठी धरा. एसएसआरच्या (पॉइंट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक रिलेच्या) नादाला लागू नका, तो गेला की बहुधा शॉर्टच होऊन बसतो.

कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा दणकट स्विच) घाला आणि वायफायच्या रिलेकडे फक्त त्याची कॉइल द्या. कॉइल २३० व्होल्टची घेऊ नका. पंप चालू असताना तुमच्याकडे १७० येत असणार. कॉइल नीट ओढायला साधारण ८५ टक्के, म्हणजे १९५ तरी हवेत. त्याखाली कॉन्टॅक्टर खडखडत बसतो आणि पॉइंट पुन्हा जळतात. २४ व्होल्ट डीसी कॉइल घ्या, बॅटरीवर. तिच्यावर उलटा डायोड टाका.

आता महत्त्वाचं. 'बंद कर' हा निरोप पोहोचला तरच बंद होणार असेल, तर ती सोय कामाची नाही. नेट गेलं की निरोपही गेला. उलटं करा. पुण्यातून दर दहा सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप जाऊ दे, मिनिटभर आला नाही तर रिले सुटला पाहिजे. ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलरवर हे सहज होतं, पण तो स्वतःच लटकला तर? म्हणून पिनमधून पल्स काढा आणि कपॅसिटरमधून पुढे द्या. पिन वर अडकली काय, खाली अडकली काय, पल्स थांबले की कॉइल सुटते.

लाइट परत आल्यावर आपोआप चालू होणंही नको. पंपाच्या स्टार्टरला लोक 'ऑटो' लावतात ना, तसलं काही इथे नको. मूळ स्टार्टर लाइट गेली की सुटतो आणि कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत गप्प राहतो, आपल्याला तेच हवंय.

चाळीस_मीटर:
काकांशी सहमत. भर एवढीच, की बंद करताना आधी पीटीटी (प्रक्षेपण सुरू करणारी लाइन) अडवा, अँप बायपासला टाका, मग कॉन्टॅक्टर सोडा. आणि नुसतं ऐकत असाल तेव्हा रेक्टिफायर बंदच ठेवा. टॉवरचा माल आहे, ४० मीटरवर त्याची स्वतःची शिट्टी असू शकते. नाहीतर भुणभुण टाळायला भोरला जायचं आणि तिथेही तीच!

कोथरूडचा_हॅम:
स्विच उघडला, काळा ठिपका आहेच. राउटरच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत, म्हणजे २४ तयार. रेक्टिफायर सध्या ५३.५ व्होल्ट देतोय, चालेल?

जुना_टेलिकॉमवाला:
चालतं, पण ५० च्या खाली आणा. थोडे वॉट जातील, पण पावसात अँटेनाचा एसडब्ल्यूआर बिघडला (म्हणजे पॉवर उलटी परत यायला लागली) तर ट्रान्झिस्टरला तेवढीच सवलत. तुम्ही तिथे हात लावून हीटसिंक बघायला नसणार. ७३ (हॅम मंडळींचा रामराम).