गेम हातात द्यायचा नसेल तर जाहीर कशाला करता?

पिक्सेलपंत
एल्डर स्क्रोल्स 6 या गेमची घोषणा आठवा. जून 2018, ई3 या गेमच्या मोठ्या प्रदर्शनाचा मंच. डोंगर, धुकं, ओळखीचं संगीत आणि शेवटी नाव. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा कारभार. त्यानंतर इतकी वर्षं झाली, गेमचा पत्ता नाही. गंमत म्हणजे तो बनवणारी हीच बेथेस्डा कंपनी 2015 मध्ये शहाण्यासारखी वागली होती. फॉलआउट 4 चा ट्रेलर 3 जूनला आला आणि 10 नोव्हेंबरला गेम दुकानात. पाच महिन्यांत सगळा गाजावाजा उरकला आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मोठ्या कंपनीने वर्षभरात येणाराच गेम जाहीर करावा. त्याआधीच्या घोषणा गुंतवणूकदारांसाठी आणि नोकरभरतीसाठी असतात, आपण नुसते टाळ्या वाजवायला. बाजारात तुरी आणि इथे आपली भांडणं सुरू.

रात्रपाळी
पंत, असहमत. 2018 च्या त्या संध्याकाळी बेथेस्डाला ऑनलाइन फॉलआउट 76 आणि मोबाइलवरचा ब्लेड्स हा गेम दाखवायचा होता. एकट्याने खेळणारा जुना चाहता भडकला असता. त्याला 'तुमचं विसरलो नाही' हे सांगायला ते अर्धं मिनिट होतं. धोरण म्हणून मला त्यात काही चूक दिसत नाही.

शिवाय गप्प बसणं कंपनीच्या हातात असतं कुठे? रॉकस्टार कंपनीने आपल्या जीटीए 6 या गेमबद्दल तोंड बंद ठेवलं, तर सप्टेंबर 2022 मध्ये हॅकरने अर्धवट गेमचे व्हिडिओ बाहेर काढले. पहिल्या ट्रेलरची वेळ ठरली होती 5 डिसेंबर 2023, आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. तोही आदल्या रात्री फुटला, मग नाइलाजाने त्यांनी स्वतःच टाकला. आपल्याकडे तेव्हा पहाट होती. मी जागाच होतो, नाव उगाच नाही घेतलं.

पिक्सेलपंत
जीटीएचं नाव काढलंत ते बरं झालं. 2 मे 2025, शुक्रवार: गेम 26 मे 2026 वर ढकलला. लगेच मंगळवारी, 6 तारखेला, दुसरा ट्रेलर. कडू गोळीवर साखर! पुढे 6 नोव्हेंबरला पुन्हा ढकलला, आता 19 नोव्हेंबर 2026. आणि त्याच दिवशी मालक कंपनी टेक-टूचे तिमाही निकाल. हे वेळापत्रक खेळाडूंकडे बघून आखलेलं वाटतं का कोणाला?

अर्धाकोडर
सगळी चर्चा हत्तींची चालली आहे, मुंगीचंही ऐका. आम्ही पुण्यात छोटा गेम बनवतोय. आमच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात एक पान आहे. लोक गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे 'हवाय' यादीत टाकतात आणि विक्री सुरू झाली की स्टीम त्यांना मेल पाठवतं. ही यादी थेंबे थेंबे साचते. नियमाने पान फक्त दोन आठवडे आधी लावलं तरी चालतं, पण तसं केलं तर मेल जाणार कोणाला? आमच्या घरच्यांना!

नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-महोत्सवात डेमो (गेमचा फुकट नमुना) ठेवायची संधीही एका गेमला एकदाच. फार लवकर वापरली तर विक्रीपर्यंत लोक विसरतात. इथलंच मोठं उदाहरण म्हणजे सुपरगेमिंग कंपनीचा इंडस हा गेम. 2022 मध्ये जाहीर, ऑक्टोबर 2024 मध्ये आला, मधल्या काळात पूर्वनोंदणी. तुमचा नियम लावला असता तर तेवढा वेळ गप्प बसायचं होतं का त्यांनी?

पिक्सेलपंत
मी 'मोठ्या कंपनीने' असं लिहिलंय. पुन्हा वाचा.

खडूस_कन्सोल
ठीक, मग मोठ्यांबद्दलच बोलू. हाय-फाय रश हा गेम 25 जानेवारी 2023 ला जाहीर आणि त्याच दिवशी विक्रीला. सगळीकडून वाहवा. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारा आपला स्टुडिओ बंद करायचं ठरवलं (पुढे क्राफ्टन कंपनीने वाचवला). अचानक आणलं की जग जिंकलं, असं नसतं.

पिक्सेलपंत
स्टुडिओ बंद झाला तो घोषणा उशिरा केली म्हणून? काहीही. एपेक्स लेजंड्स 4 फेब्रुवारी 2019 ला असाच आला आणि आठवड्यात अडीच कोटी खेळाडू.

खडूस_कन्सोल
फुकटचा गेम तो! विकतच्या गेमला फुकटचा दाखला देऊ नका. लोकांना पैसे बाजूला काढायला, मित्रांना पटवायला वेळ लागतो.

रात्रपाळी
आणि लांबच्या घोषणेने नुकसान होतं हेही मला मान्य नाही. मेट्रॉइड प्राइम 4 चा 2017 मध्ये नुसता लोगो दाखवला. जानेवारी 2019 मध्ये निन्टेंडोने सांगितलं, काम पहिल्यापासून सुरू करतोय. डिसेंबर 2025 मध्ये गेम आला. खरा घोळ होतो तो तारीख लवकर दिली की. सायबरपंक 2077 चं नाव 2012 पासून माहीत होतं, कोणाची तक्रार नव्हती. 2019 च्या ई3 मध्ये 16 एप्रिल 2020 ही तारीख दिली आणि मग सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर. नाव आणि तारीख, दोन वेगळ्या घोषणा आहेत.

अर्धाकोडर
तारीख उशिरा दिली तरी मरण आमचंच. सिल्कसाँग, ज्याची सगळे वाट बघत होते तो गेम, 2019 पासून माहीत होता, पण 4 सप्टेंबर 2025 ही तारीख कळली 21 ऑगस्टला. दोन आठवडे! त्याच्यासमोर झाकोळून जायला नको म्हणून बाकीचे गेम पळाले. डेमनस्कूल त्याच्या आदल्या दिवशी येणार होता, तो थेट नोव्हेंबरवर गेला. बेबी स्टेप्सही पुढे सरकला. महिनोन्‌महिने पत्रकार, स्ट्रीमर जुळवून आणायचे आणि दुसऱ्याच्या एका व्हिडिओने सगळं पाण्यात.

पिक्सेलपंत
बघा, म्हणजे सात महिने आधी सांगितलं असतं तर तुमचं भलं झालं असतं. माझ्या वर्षभराच्या मर्यादेत बसतं ते.

अर्धाकोडर
आणि सांगून मग जीटीएसारखं दोनदा ढकललं असतं तर? मे महिना टाळून बसलेल्यांना आता नोव्हेंबर टाळायचाय. आम्ही स्टीमच्या पानावर तारीखच टाकलेली नाही. 'लवकरच येत आहे', एवढंच. पंत, तुम्ही विशलिस्टमध्ये टाका.