मदत हवी आहे: लहानपणी मार खाल्लेल्या होणाऱ्या पालकांना नेमकं काय सांगावं?

बाळंतपणाआधीच्या पालकवर्गात एक प्रश्न हमखास येतो: "मला घरी फार मारायचे. मीही माझ्या मुलाशी तसंच वागेन का?" नुसता धीर देऊन भागत नाही. अभ्यास काय सांगतात आणि बाळ यायच्या आत कोणती तयारी करून घ्यावी?

प्रतिसाद १
कॉफमन आणि झिगलर या संशोधकांनी १९८७ साली तोवरचे अभ्यास पडताळून अंदाज मांडला: लहानपणी मार खाल्लेल्यांपैकी सुमारे ३० टक्के जण पुढे आपल्या मुलांशी तसंच वागतात. म्हणजे बहुतेक जण तसं वागत नाहीत, पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दोन्ही गोष्टी सांगा. अर्धंच सांगितलं तर लोकांना ते कळतं. १९८८ साली एगलँड आणि सहकाऱ्यांना ही साखळी तोडणाऱ्या आयांमध्ये तीन गोष्टी जास्त आढळल्या: लहानपणी माया लावणारं एखादं मोठं माणूस, कधीतरी घेतलेले मानसोपचार आणि आधार देणारा जोडीदार. पहिली आता हातात नाही. उरलेल्या दोन्हींवर काम करता येतं, तेही गरोदरपणातच सुरू करा.

प्रतिसाद २
"काही लागलं तर सांग" हा आधार नव्हे. संतापाच्या भरात, त्यात शरमेने, कुणी फोन करून सगळं समजावत बसत नाही. म्हणून दोन माणसं आधीच पक्की करा, त्यातलं एक रात्री येऊ शकणारं. निरोप एकाच शब्दाचा: "ये". आलेल्याने कारण विचारायचं नाही, बाळ हातात घ्यायचं.

बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. मदतीच्या पाळ्या याच काळात लावा. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं आणि सहाव्यात कुणीच नसतं.

जबडा आवळला, हात घट्ट झाले की बाळाला उताणं झोपवा, जवळ उशी-दुलई नको, आणि ५ ते १० मिनिटं खोलीबाहेर जा. मग बघून या. तेवढ्या रडण्याने इजा होत नाही. गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

धागाकर्ती
आणि मदतीला येणारे आजी-आजोबा म्हणजे ज्यांनी मारलं तेच असतील तर?

प्रतिसाद २
स्वयंपाक, धुणं त्यांच्याकडे चालेल. बाळ एकटं त्यांच्यावर सोपवू नये. "आम्ही मारलं म्हणून काय बिघडलं?" म्हणणारं माणूस रात्रीच्या यादीत तर मुळीच नको. त्याच्यासमोर पालक पुन्हा लहान मूल होतो, मदत मागत नाही. आणि हात एकदा जरी उचलला गेला, तरी पुढच्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना सांगावं. बाळाला हलवलं किंवा मारलं गेलं असेल, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी आधी बाळाला तपासून घ्यावं.