सुगम, सुलभ की सुगम्य?

साक्षरता वर्गासाठी मोबाइलवरचे धडे मराठीत आणते आहे. 'ॲक्सेसिबल'पाशी (दिसत किंवा ऐकू येत नसलं तरी वापरता येईल असं) अडले. सुलभ, सुगम, सुगम्य, प्रवेशयोग्य असे चार शब्द समोर आहेत. 'सुलभ' म्हटलं की घरचे हसतात, एसटी स्टँड आठवतो म्हणे. आणि 'इन्क्लूझिव्ह'ला सर्वसमावेशक चालेल का?

— ताई, उलटा शब्द काढून बघा. सुलभच्या उलट दुर्लभ, म्हणजे मामला मिळण्याचा. सुगमच्या उलट दुर्गम, म्हणजे पोचण्याचा. धडा फुकट उतरवून घेता आला की तो सुलभ झाला. पण ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला त्यात शिरताच येत नसेल तर तो मेळघाटातल्या पाड्याइतकाच दुर्गम. माझं मत सुगमला. 'सुगम्य' २०१५ च्या सुगम्य भारत अभियानापासून सरकारी कागदांत रुळला. अर्थ तोच, जिभेला मात्र जड. प्रवेशयोग्य म्हटलं की कॉलेजची मेरिट लिस्ट आठवते.

— सुगमला माझी हरकत आहे. सुगम संगीतामुळे त्या शब्दाला 'हलकंफुलकं, सोपं' असा वास लागलाय. 'सुगम धडे' वाचून लोकांना वाटेल, अभ्यासक्रम कमी केला. त्रैराशिक अवघड राहूनही सुगम असू शकतं, हे त्या शब्दातून कळत नाही.

— मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ऐकून वाचतो. शब्द कुठलाही घ्या, पण एकदा कानांनी तपासा. परवा एक पीडीएफ उघडली. शेजारी बसलेली बहीण म्हणाली, छान स्वच्छ मराठी आहे. टायपिंग जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं; माझ्या कानात नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. दुसऱ्या एका पानावर लिंकांची यादी मागवली तर 'येथे क्लिक करा' अकरा वेळा. 'येथे' म्हणजे कुठे, राव? 'तिसरा धडा ऐका' असं लिहा. आणि चित्रामागच्या ओळीला, म्हणजे चित्राऐवजी मला ऐकू येते तिला, 'पर्यायी मजकूर' म्हणू नका. लिहिणाऱ्याला काय भरायचं ते कळत नाही, मग तो फाइलचं नाव चिकटवतो. 'चित्रवर्णन' म्हटलं की आपसूक वर्णन करतो.

— चित्रवर्णन! शाळेतल्या निबंधाच्या पेपरात होतंच की. घेतला.

— कोणी विचारलं नाही, तरी 'प्रौढ'बद्दल. प्र + ऊढ; ऊढ हे 'वह्' धातूचं रूप. त्यावरून पूर्ण वाढलेला, परिपक्व. 'प्रौढी मिरवणं' त्याच कुळातलं. आज मराठीत प्रौढ म्हणजे चाळिशी ओलांडलेला. नवभारत साक्षरता कार्यक्रम मात्र १५ वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी आहे. सोळा वर्षांच्या मुलीला प्रौढ म्हटलं तर ती वर्गात पाय ठेवील का? केंद्रानेही २०२२ मध्ये 'प्रौढ शिक्षणा'ऐवजी 'सर्वांसाठी शिक्षण' म्हणायचं ठरवलं. परिपत्रकांत निरक्षरचंही 'असाक्षर' झालंय, ते मला निव्वळ रंगरंगोटी वाटते.

— सर्वसमावेशक नको. तो शब्द नेत्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गेला. 'समावेशक' पुरे आहे, नाहीतर सरळ 'सगळ्यांना सामावून घेणारे'.

सर्वांचे आभार. आतल्या तांत्रिक कागदांत सुगमता आणि समावेशक. शिकणाऱ्यांना दिसेल तिथे दोन्ही नाहीत. तिथे 'ऐकून, बघून, कसेही शिका' एवढंच. 'सबमिट'चं 'सादर करा' केलं होतं, ते 'पाठवा' केलं. ओटीपीलाही शब्द शोधत होते, पण वर्गातल्या मावशी एकमेकींना 'ओटीपी आला का गं?' असंच विचारतात, तेव्हा तो राहू दे. फक्त त्याची मुदत वाढवून मागितली आहे. तीस सेकंदांत त्यांचा चष्मासुद्धा सापडत नाही.