बीझलीने ओळखलेले 'हात': खरे की मानलेले?

खापरखुपर: ऑक्सफर्डच्या जॉन बीझली या अभ्यासकाने (१८८५–१९७०) उभा जन्म प्राचीन अथेन्सच्या मातीच्या भांड्यांवरची चित्रं बघण्यात घालवला. बहुतेक भांड्यांवर चित्रकाराची सही नाही. मग याने मोरेल्ली नावाच्या इटालियन जाणकाराची युक्ती उचलली: प्रसंग सोडा, कान, घोटा, बोटं बघा, तिथे हात सवयीने चालतो. १९११ साली बर्लिनमधल्या एका कुंभावरून 'बर्लिन चित्रकार' उभा केला आणि पुढे शेकडो भांडी त्याच्या खात्यावर टाकली. मला ही विद्या कमी आणि पत्रिका मांडणं जास्त वाटतं. कोणतं भांडं कोणाचं, याची त्याची १९६३ ची तीन खंडांची यादी उघडा. नावंच नावं, कारणं शोधत बसा!

चौथी_पायरी: यादीत कारणं नाहीत, कबूल. पण बर्लिन चित्रकारावरचा त्यांचा १९११ चा लेख वाचलात का? तिथे घोट्याची, छातीची रेघ न् रेघ सांगितलीय. ते स्वतः चित्रं ट्रेस करायचे, नुसत्या फोटोवर भागवायचे नाहीत. आईचं अक्षर आपण पाकिटावरूनच ओळखतो की!

खापरखुपर: आईला पाहिलेलं असतं हो. बर्लिन चित्रकाराला कोणी पाहिलंय? शिवाय व्हिकर्स आणि गिल या अभ्यासकांनी १९९४ साली मांडलंच की श्रीमंत ग्रीक चांदी वापरायचे, ही मातीची भांडी म्हणजे तिची स्वस्त नक्कल. कारागिराचा कलावंत केला की बाजार तापतो. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने १९७२ साली एका भांड्याला दहा लाख डॉलर मोजले. निघाला चोरीचा माल, २००८ साली इटलीला परत.

चौथी_पायरी: अहो, त्या भांड्यावर युफ्रोनिओस या चित्रकाराची स्वतःची सही आहे! तिथे बीझली लागतातच कुठे? आणि ते तर १९७० सालीच गेले.

उशाशी_कुंभ: माझी तक्रार वेगळीच. 'कोणी रंगवलं' याच्या नादात 'कुठे सापडलं' हे मागे पडलं. अथेन्सची कितीतरी भांडी इटलीत, व्हुल्ची गावच्या एट्रुस्कन (रोमच्या आधीच्या इटालियन लोकांच्या) थडग्यांत निघाली. मेलेल्या माणसाजवळ हेच भांडं का ठेवलं, हे घोट्याची रेघ सांगत नाही.

चौथी_पायरी: नाही सांगत. पण ते थडगं कुठल्या दशकातलं हे ठरवताना तुम्ही चित्रकारांच्या गुरुशिष्य-साखळीकडेच जाता ना? ती जुळवली कोणी?

खापरखुपर: साखळी घ्या, पण ती 'बहुधा' म्हणून घ्या. बाकी आकृत्यांची कोपरं बाहेर आलेली दिसली म्हणून एका चित्रकाराचं नावच 'एल्बोज आउट' ठेवलं, ते बारसं मात्र मला आवडलं.