दिवाळीत ताईची माणसं येणार आहेत, कमी खर्चात बेळगाव कसं दाखवू? (मदत हवी आहे)

वडगावची सूनबाई:

नमस्कार मंडळी. दिवाळीत माझी ताई इचलकरंजीहून चार-पाच दिवस राहायला येतेय. सोबत भावजी, आठवीतली भाची, दहा वर्षांचा भाचा आणि ताईच्या सासूबाई. लग्न होऊन मी वडगावात आले तेव्हापासून "या या" म्हणतेय, आता कुठं योग आलाय. आमचा घरचा माग आहे, त्यांचाही तिकडं मागाचाच धंदा. यंदा दोन्हीकडं हात आखडलेलाच आहे, त्यामुळे गाडी ठरवून फिरणं जमणार नाही. बस, अगदीच लागली तर रिक्षा, नाहीतर पायी. घरून डबा घेतला तर बाहेरचा चहा-नाश्ता आणि तिकिटं मिळून दिवसाला हजारच्या आत बसवायचंय.

भाची फोनवर म्हणाली, "मावशी, तुमच्या बेळगावात बघायला काय आहे?" तिला हे गाव गोव्याच्या वाटेवर लागतं आणि इथं कुंदा मिळतो, एवढंच माहीत. मला ते फार लागलं. आठशे वर्षांची जुनी वास्तू गावाच्या मधोमध उभी आहे, ती न बघता पोरं परत गेली तर मावशी इथं राहून उपयोग काय?

माझ्या डोक्यात असं आहे: एक दिवस किल्ला, एक दिवस कपिलेश्वराचं दर्शन आणि शहापुरात साड्यांच्या दुकानातून चक्कर (घ्यायचं नसलं तरी ताईला विणकाम बघायला आवडतं), एक दिवस राजहंसगड, आणि जमलं तर गोकाकचा धबधबा. किल्ल्यात मी गेलेय ते सासूबाईंबरोबर दुर्गादेवीच्या दर्शनाला, तेवढंच. आतलं कमल बस्ती (जैन देऊळ), आश्रम, मशीद हे कुठल्या क्रमानं बघावं, किती वेळ लागतो, मुलांना काय सांगावं, हे जाणकारांनी सांगा. ताईच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर हळूहळू चालतात, पायऱ्या नकोत.

आणि बसचं एक विचारायचंय. मला बस फुकट, पण ताईलाही ती सवलत लागू होते का? होत असेल तर लांबचाही एक दिवस काढता येईल.

टिळकवाडीकर:

ताई, किल्ल्याला अख्खी सकाळ द्या. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलात की किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे, रिक्षा करूच नका. आपला किल्ला भुईकोट, गड चढायचा नाही. वेशीशी गणपती आणि दुर्गादेवी, तिथं सासूबाईंना जरा टेकू दे. बाहेरचा खंदक मुलांना नीट दाखवा. डोंगर नसलेल्या किल्ल्याचा जीव खंदकातच असतो, हे तिथं उभं राहिल्यावर लगेच कळतं.

मग सरळ कमल बस्ती. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, त्यानं १२०४ मध्ये बांधलेलं हे जैन मंदिर. रट्टांची राजधानी आधी सौंदत्तीला होती, नंतर ती इथं आली. तेव्हा गावाचं नाव वेणुग्राम. चपला बाहेर काढून मंडपाच्या मधोमध उभे राहा आणि पोरांना वर बघायला सांगा. छतातून दगडी कमळ खाली उतरलंय, पाकळ्यांच्या आत पाकळ्या, मधला गाभा लोंबता. त्या पाकळ्यांवर तीर्थंकर कोरलेत. घाई करू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं लागतात, त्यानंतर एकेक आकृती दिसायला लागते. मंडपाचे खांबही बघा. कातावर फिरवल्यागत गोल, घोटून गुळगुळीत केलेले. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातले नेमिनाथ. भाची आठवीत आहे म्हणता, तिला हेही सांगा की इथले १२०४ चे दोन कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दगड तिकडं गेले, देऊळ इथं राहिलं. शेजारीच दुसऱ्या बस्तीचे भग्न अवशेष आहेत, तेही बघून घ्या.

साफा मशीद विजापूरच्या आदिलशाहीतली, त्यांचा सरदार असद खान लारी याच्या काळातली. किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराकडे आणि सरकारी कचेऱ्यांकडे आहे. तेव्हा कुठवर जाता येतं, फोटो चालतो का, हे तिथल्या जवानाला विचारूनच पुढं जा. नीट विचारलं की नीट सांगतात.

रामकृष्ण आश्रम दुपारच्या आधी गाठा, दुपारी देऊळ बंद असतं. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून चिठ्ठी घेऊन बेळगावात आले. आधी रिसालदार गल्लीत वकील भाटे यांच्या घरी उतरले, मग किल्ल्यात वन अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे. ते शिकागोला बोलले १८९३ मध्ये, म्हणजे इथं आले तेव्हा त्यांना कुणीच ओळखत नव्हतं. मित्रांचं ते घर आता आश्रमाकडं आहे. स्वामीजींचे तरुणपणचे फोटो आपण बघतो ना, त्यातला एक प्रसिद्ध फोटो इथंच बेळगावात काढलेला आहे. माझ्या मते मुलांना या घरात थोडा वेळ नुसतं बसवावं. परतताना रिसालदार गल्लीतलं भाट्यांचं घरही वाटेत होतं.

किल्ला तलावाशी डबा सोडा. तिथला ११० मीटर उंचीचा झेंड्याचा खांब २०१८ मध्ये उभा राहिला. वाऱ्यापायी झेंडा रोज चढवलेला नसतो, त्यामुळे मुलांना आधीच आशा लावू नका.

आणखी एक. तुमच्या यादीत टिळकवाडी नाही, ती घाला. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथं भरलं. गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते हेच. त्याची सगळी जुळवाजुळव हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी केली होती. एवढ्या माणसांना पाणी हवं म्हणून खणलेली विहीर अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणतात. वीरसौध, म्हणजे त्या अधिवेशनाचं स्मारक बघा, आत जुने फोटो आहेत. अधिवेशनात स्वागतगीत गायला गंगूबाई हनगल होत्या, तेव्हा अकरा वर्षांच्या. भाच्याला हे आवर्जून सांगा, त्याच्याच वयाची गोष्ट आहे.

रोजची निपाणी-बेळगाव:

बसचं मी सांगते, रोज ये-जा असते. शक्ती योजना जून २०२३ पासून आहे, खरं ती कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी. आधारवर इथला पत्ता लागतो. तुमचं शून्य रकमेचं तिकीट मिळेल (ते मागून घ्यायचं, तपासनीस आला तर दाखवावं लागतं), ताईला, तिच्या सासूबाईंना आणि भाचीला पूर्ण तिकीट पडणार. भाच्याला अर्धं. सवलत साध्या गाड्यांत आणि राज्याच्या आत, कोल्हापूर-पुण्याच्या गाडीत चढून ती मागू नका.

येताना ताईंना सांगा, महाराष्ट्रात एसटीत बायकांना निम्मं तिकीट असतं, ते त्यांच्या हद्दीपर्यंतच धरतात. सासूबाईंचं वय पंचाहत्तरच्या वर असेल तर तिकडच्या हद्दीपर्यंत त्यांना तिकीटच नाही, आधार जवळ ठेवायला सांगा. एकाच बाकावर दोघी बहिणी, एकीला तिकीट आणि एकीला नाही, हे आमच्या मार्गावर रोज बघते. मनाला बरं वाटत नाही, खरं नियम असा आहे. हिशेब आधीच करून ठेवा म्हणजे कंडक्टरशी वाद होत नाही.

खानापूर तालुका:

गोकाकला जा म्हणून सगळे सांगतील. खरं धबधबा बघायचा तो जुलै ते सप्टेंबरात. घटप्रभा भरून वाहते आणि ५२ मीटर खाली कोसळते तेव्हा त्याचा आवाज लांबून येतो. दिवाळीपर्यंत पाणी उतरलेलं असतं. एवढ्या माणसांची तिकिटं काढून तुम्ही बारीक धार बघून याल. ते पुढच्या पावसाळ्याला ठेवा.

त्यापेक्षा हलशी. बेळगावहून खानापूरला गाड्या सारख्या असतात, रेल्वेनंही येता येतं. खानापूरहून नंदगडवरून हलशी. ती गाडी कमी आहे, तेव्हा खानापुरात उतरल्या उतरल्या परतीची वेळ आधी विचारून घ्या, मगच पुढं जा. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंब राजांच्या वेळचं मोठं ठिकाण. भूवराह-नृसिंहाच्या देवळात दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत. एकीकडं नृसिंह, समोर पृथ्वीला उचलून धरलेला वराह. मधे उभं राहिलं की दोन्हीकडं देव. असं देऊळ पोरांनी कुठं बघितलेलं नसणार. गर्दी नाही, आवार मोठं, सासूबाई निवांत बसतील. वाटेत नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. त्यांना इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला तिथंच फाशी दिलं. भाचीच्या इतिहासाच्या पुस्तकात कित्तूरची राणी चन्नम्मा असेल, तिच्या फौजेतला हा माणूस.

कित्तूरही करता येतं, धारवाडच्या गाडीनं. खरं एका दिवसात दोन्ही नको, मुलं कंटाळतात.

वडगावची सूनबाई:

किती मनापासून सांगितलंत सगळ्यांनी! गोकाक बाद, हलशी नक्की. टिळकवाडीकर काका, पाकळ्यांवर तीर्थंकर कोरलेत हे मला आजवर माहीत नव्हतं, मी स्वतःच आधी एकदा जाऊन बघून येणार आहे.

आता राजहंसगडाचं. सासूबाईंना नेऊ की त्या दिवशी घरी ठेवू? एकट्या ठेवायला जीव होत नाही.

येळ्ळूरकर:

घरी कशाला ठेवता, आणा की. गडापर्यंत डांबरी रस्ता आहे. बस येळ्ळूरपर्यंत येते. तिथनं वर चालत जायला मुलांना मजा वाटेल, सासूबाईंसाठी मात्र रिक्षा ठरवा. मीटर चालत नाही, आधी बोलून घ्या आणि परत न्यायलाही सांगून ठेवा. वर रिक्षा मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची भातं कापणीला आलेली असतात, वरून सगळं शिवार पिवळं दिसतं. आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि २०२३ पासून महाराजांचा मोठा पुतळा आहे. चार वाजता या, ऊन उतरलेलं असतं. वारा जोराचा, सासूबाईंना कानटोपी द्या. पाणी खालूनच भरून घ्या.

गवळी गल्ली:

सगळ्यांनी देवळं आणि किल्ले सांगितले, बरोबरच आहे. खरं दिवाळीत येऊलेत आणि गल्ल्या बघायच्या नाहीत म्हणजे काय? नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरं नरकासुराचा पुतळा करतात, तो बघायला मुलांना न्या. आणि किल्ले! बेळगावात गल्लोगल्ली पोरं मातीचे किल्ले करतात, नुसता ढीग करून वर मावळे ठेवलेले नव्हेत. रायगड, प्रतापगड, नकाशा समोर ठेवून बांधतात, बुरूज मोजून. संध्याकाळी दिवे लागले की निघा आणि एकेका किल्ल्यापाशी थांबून बांधणाऱ्या पोरालाच विचारायचं, हा दरवाजा कुठला, ही वाट कुठं जाते. पोरं इतकी रंगून सांगतात की भाचा घरी जाऊन स्वतः बांधायला बसेल. पैसा एक लागत नाही.

पाडव्याला आमच्याकडं म्हशी बघायला या. आठवडाभर आधीपासून धुणं-घासणं चालतं. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात घुंगरांच्या माळा. मग पळवायच्या. पुढं मालक गाडीवर, मागं म्हैस, आपल्या माणसाचा आवाज ओळखून पळते. रोज हातानं वैरण घालणाऱ्या माणसामागंच ती धावते, दुसऱ्यानं कितीही हाका मारल्या तरी हलत नाही. कोल्हापूरकडं पण हे असतं, तुमच्या ताईनं बघितलं असेल, खरं इथली मजा वेगळी.

कुंदा परतीच्या दिवशी घ्या, दुधाचा पदार्थ आहे. आणि मांडे करणारं कुणी ओळखीचं असेल तर करताना दाखवा. उपड्या भांड्यावर एवढी मोठी पोळी पसरतात ते बघण्यासारखं असतं.

वडगावची सूनबाई:

दादा, हे तर माझ्या डोळ्यासमोर असून सुचलंच नव्हतं, आमच्याच गल्लीत दोन किल्ले होतात!

मग असं करते. पहिला दिवस किल्ला आणि रिसालदार गल्ली, संध्याकाळी नरकासुर. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी अभ्यंग आणि फराळ, नंतर कपिलेश्वर, शहापूर आणि रात्री गल्ल्यांतले किल्ले. पाडव्याला म्हशी. हलशीला सकाळी लवकर निघायचं, डबा घेऊन. टिळकवाडी आणि राजहंसगड एकाच दिवशी, सकाळ-संध्याकाळ वाटून. हिशेब केला, हलशीच्या दिवशी तेवढं जास्त जाईल, बाकी सगळे दिवस हजारच्या आत बसतात. भावजींना सांगितलं तर म्हणाले, दोन दिवस आणखी राहतो.

गवळी गल्लीवाले दादा, पाडव्याची वेळ कळली की इथं लिहा. सासूबाईंना कुठं बसता येईल?

गवळी गल्ली:

आमच्या कट्ट्यावर खुर्ची टाकतो, तिथनं सगळं दिसतं. वेळ आदल्या दिवशी कळते, लिहितो. मुलांचा हात मात्र सोडू नका, रस्त्याच्या कडेलाच उभे राहा. म्हैस वळली की ती कुठं जाईल ते मालकालाही सांगता येत नाही.